पाटाला पाणी आहे, वाफ्यात उतरत नाही : एका द्राक्ष बागायतदाराच्या स्मृतिलोपाचं प्रकरण

हे प्रकरण लिहायला कुटुंबाची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णाला मी ‘नाना’ म्हणते, कारण घरात आणि गावात त्यांना तसंच म्हणतात आणि तिसऱ्या भेटीपासून मीही तेच म्हणू लागले.

पार्श्वभूमी

नाना दिंडोरी तालुक्यातले, वय ५४. सहा एकर द्राक्षबाग, त्यातले चार एकर निर्यातीसाठी नोंदवलेले. घरी पत्नी, मुलगा आणि सून. शिक्षण बारावीपर्यंत, पण हिशेब तोंडपाठ. आजूबाजूचे बागायतदार औषधाचं प्रमाण विचारायला त्यांच्याकडे यायचे.

जूनमध्ये ताप आला. तिसऱ्या दिवशी ते पत्नीला बहिणीच्या नावानं हाक मारू लागले, चौथ्या दिवशी झटका आला. नाशिकच्या रुग्णालयात एमआरआय झाला. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या, कानशिलांमागच्या टेम्पोरल लोबच्या आतल्या भागात, म्हणजे नवीन आठवणी रुजवणारा हिप्पोकॅम्पस जिथे असतो तिथे, सूज होती. पाठीच्या पाण्यात हर्पीस सिम्प्लेक्सचा विषाणू सापडला. एकवीस दिवस शिरेतून ॲसिक्लोव्हिर दिलं. जीव वाचला, चालणं-बोलणं शाबूत राहिलं. झटक्याच्या गोळ्या सुरू राहिल्या आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी ट्रॅक्टर चालवायला सक्त मनाई केली.

गंगापूर रोडवरच्या माझ्या क्लिनिकमध्ये ते ऑगस्टच्या मध्यावर आले. ऑक्टोबरची फळछाटणी दीड-दोन महिन्यांवर आली होती. ही तारीख पुढच्या प्रत्येक निर्णयावर बसून होती, म्हणून इथेच सांगून ठेवते.

पहिली भेट आणि माझी पहिली चूक

पहिल्या भेटीत आम्ही वीस मिनिटं बोललो. नानांनी २००८ च्या पुराचं वर्णन केलं, दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला तेव्हा ते भांडी बाजारात कसे अडकले ते सांगितलं. २०१५ च्या सिंहस्थात कुणाकुणाला रामकुंडावर नेलं, तेही सांगितलं. अंक म्हणून दाखवायला सांगितले तर सरळ सात आणि उलटे पाच बिनचूक म्हटले. मी विचारलं, दहा पीपीएम (दहा लाखात दहा भाग) जीए, म्हणजे द्राक्षघडांवर फवारायचं जिबरेलिक ॲसिड, करायचं असेल तर दोनशे लिटरला किती? ‘दोन ग्रॅम. शंभर लिटरला एक ग्रॅम म्हणजे दहा पीपीएम, मॅडम,’ असं ते क्षणात म्हणाले.

मी टिपणात लिहिलं : ‘संवाद सुसंगत, लक्ष चांगलं.’ सविस्तर चाचण्या पुढच्या आठवड्यावर ठेवल्या. कुटुंबानं माझ्या चेहऱ्यावरचं समाधान पाहिलं आणि धीर धरला. त्याच आठवड्यात पेठहून छाटणीच्या मजुरांचा मुकादम आला. नानांनी त्याला रोख उचल दिली. दुपारी तो पावती घ्यायला परत आला, तर त्यांनी तेवढीच रक्कम पुन्हा हातावर ठेवली. मुकादम भला माणूस, त्यानं दुसरी रक्कम मुलाकडे आणून दिली.

उलट बाजूनं, पहिल्या भेटीत नाना मला तीनदा म्हणाले होते, ‘तुम्ही कुठल्या, मॅडम?’ ते मी सौजन्य समजले.

तपासणीत काय दिसलं

दुसऱ्या भेटीत मी एक छोटी गोष्ट वाचून दाखवली : बैल हरवलेला शेतकरी, बाजार, पोलीस पाटील. वाचून झाल्या झाल्या नानांनी गोष्ट जवळपास पूर्ण सांगितली, माझ्या अपेक्षेपेक्षाही चांगली. चहा आला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. अर्ध्या तासानं विचारलं.

‘कुठली गोष्ट?’

एक शब्द आला नाही. गोष्ट वाचली होती हेही नाही. चार शब्दांतून ओळखा म्हटलं तरी अंदाजापलीकडे काही निघालं नाही.

मुलगा बाहेर येऊन म्हणाला, ‘मॅडम, अल्झायमर तर नाही ना?’ नव्हता. बुद्धी, भाषा, हिशेब, स्वभाव सगळं जागेवर होतं. तुटली होती एकच गोष्ट : आत्ता हाताशी असलेलं पुढच्या तासासाठी साठवणं. शिवाय आजारापूर्वीची साधारण तीन वर्षं पुसट झाली होती. त्या काळात घेतलेलं नवं बोअर, ठिबकची नवी मांडणी आणि थोरल्या भावाचा मृत्यू त्यांच्या लेखी झालेलेच नव्हते. अलीकडचं आधी जातं आणि जुनं टिकतं, ही ठेवण फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थिओड्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच मांडली होती.

नानांच्या पत्नीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे पाटाला पाणी आहे, मॅडम, पण वाफ्यात उतरत नाही.’ मी इतकी वर्षं हे कुटुंबांना समजावते आहे, इतकं नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही.

ही दोन स्मृतींची गोष्ट नेमकी काय आहे

कार्यस्मृती म्हणजे या क्षणी मनात धरून ठेवलेलं आणि तिथेच फिरवता येणारं : फोन नंबर, बेरजेतला हातचा, वाक्याची सुरुवात. ती लहान असते. १९७४ मध्ये बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी तिला साध्या कोठीऐवजी काम करण्याची जागा म्हणून मांडलं. दीर्घकालीन स्मृती ही वेगळी यंत्रणा.

हे वेगळेपण आपल्याला मुख्यतः एका माणसामुळे कळलं. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्या अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि भोवतालचा भाग काढला. त्यानंतर नवीन काहीच टिकेना. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी हे प्रसिद्ध केलं. मिल्नर यांनी एकदा मोलेसन यांना ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. त्यांनी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकीची साखळी रचत तो पंधरा मिनिटं धरला. मग विषय बदलला आणि मिनिटभरात आकडा गेला, साखळी गेली, कुणी आकडा दिला होता हेही गेलं.

म्हणजे धरून ठेवणं आणि रुजवणं ही दोन कामं आहेत. धरण्याचा कालावधी वाढवला म्हणून रुजतंच असं नाही.

पाट आणि वाफ्याची उपमा मी कुटुंबासमोर पुढे वापरली, पण एका ठिकाणी ती फसते. आधी पाट भरणार, मग वाफा, असा सरळ क्रम १९६८ मध्ये ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांच्या प्रसिद्ध आराखड्यात होता. पण १९७० मध्ये शॅलिस आणि वॉरिंग्टन यांनी के. एफ. नावानं ओळखला जाणारा रुग्ण नोंदवला. त्याला ऐकलेले दोन आकडेही धड धरता येत नव्हते, तरी नवीन गोष्टी तो शिकू शकत होता. पाट अरुंद आणि वाफा ओला! त्यामुळे कार्यस्मृती सुधारली की दीर्घकालीन स्मृती आपोआप येईल, ही आशा धरायला आधार उरत नाही. नानांच्या मुलाला हे समजणं फार गरजेचं होतं, कारण तो नेमका तोच प्रयत्न करत होता.

पर्याय

मुलानं घोकंपट्टी सुरू केली होती. रोज सकाळी : ‘बोअर दोन झाले, नाना. म्हणा. बोअर दोन झाले.’ पन्नास वेळा. नाना म्हणायचेही, कारण म्हणणं कार्यस्मृतीचं काम आणि ती उत्तम होती. दुपारी विचारलं की एकच बोअर. मुलाचा आवाज चढायचा, नाना गोंधळायचे, दोघंही जेवत नव्हते. हा पर्याय मी पहिल्याच महिन्यात थांबवला.

दुसरा पर्याय म्हणजे मोबाइलवर गजर आणि सूचना. मुलाला आवडला. नानांना स्मार्टफोन कधीच सवयीचा नव्हता, म्हणजे ज्याला काही नवीन शिकता येत नाही त्याला आधी मोबाइल शिकवावा लागणार होता. वीस-पंचवीस वर्षांच्या एखाद्या रुग्णासाठी मी हाच पर्याय निवडला असता.

तिसरा पर्याय : बागेपासून पूर्ण दूर ठेवणं. नातेवाईकांचा आग्रह हाच होता. सुरक्षित होता हे खरं. चौथा : त्यांना बागेत ठेवायचं, पण काम असं मांडायचं की तासापूर्वीचं आठवण्याची गरजच पडू नये.

मी चौथ्याकडे झुकले होते आणि त्यात माझं मत मिसळलेलं होतं हे मान्य करते. जीएचं प्रमाण क्षणात सांगणाऱ्या माणसाला ओट्यावर बसवून ठेवायला माझं मन धजत नव्हतं.

पहिला निर्णय : भावाबद्दल काय सांगायचं

नाना दिवसातून तीन-चार वेळा विचारायचे, ‘भाऊ कुठे गेला? दिसला नाही.’ खरं सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. तासाभरानं पुन्हा तोच प्रश्न. सुनेनं विचारलं, ‘पुण्याला गेलेत असं सांगितलं तर चालेल का, मॅडम? त्यांच्या तर लक्षातच राहत नाही.’

इथे मला २०१० मधलं आयोवा विद्यापीठातलं काम आठवलं. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना दुःखद चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळानं त्यांना त्यातलं जवळपास काही आठवत नव्हतं, तरी उदासपणा टिकून होता. नानांच्या घरी हेच चाललं होतं. सकाळी बातमी ऐकून रडले की संध्याकाळपर्यंत गप्प, आणि कारण विचारलं तर सांगता येईना. वारंवार सांगण्याची किंमत ते मोजत होते, फक्त पावती त्यांच्याकडे नव्हती.

खोटं सांगायचं नाही, आणि आपणहून विषय काढायचा नाही, असं ठरलं. विचारलं तर एकच व्यक्ती, शक्यतो पत्नी, एकाच शांत वाक्यात सांगेल आणि जवळ बसेल. भावाचा हार घातलेला फोटो देवघराशेजारी, नाना रोज सकाळी हात जोडतात तिथे लावला. सात-आठ आठवड्यांनी प्रश्नाचं रूप बदललं : ‘भाऊ... गेलाय ना?’ कधी, कशानं, ते आजही सांगता येत नाही. पण रडणं थांबलं.

दुसरा निर्णय : ठिबकचे व्हॉल्व्ह

ठिबकची नवी मांडणी त्यांच्या पुसलेल्या तीन वर्षांतली. नियम एकच महत्त्वाचा : पुढचा व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय चालू असलेला बंद करायचा नाही, नाहीतर दाब वाढून पाइप सुटतो.

मुलानं माझ्या सांगण्यावरूनच आधी ‘तुम्हीच आठवून बघा’ असं केलं. नाना जुन्या सवयीनं चालू व्हॉल्व्ह आधी बंद करायचे, मुलगा ‘नाही, नाही’ म्हणायचा. आठवडाभरानं ती चूक पक्की झाली. चुकलो हे त्यांना आठवत नव्हतं, पण हात मात्र चुकीच्या क्रमानं बसला. निरोगी माणसाला चुकल्याची आठवण सुधारते. ती आठवणच नसेल तर चुकीचा सरावच उरतो. बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये हेच दाखवलं होतं : स्मृतिलोपात अंदाज करू न देता शिकवलं तर जास्त टिकतं. मला ते माहीत होतं. घाईत मी ते वापरलं नाही.

मग पद्धत उलटी केली. मुलानं हातावर हात ठेवून योग्य क्रमच करवून घ्यायचा, चूक होऊच द्यायची नाही, प्रश्न विचारायचाच नाही. व्हॉल्व्हवर पिवळ्या रंगानं १, २, ३, ४ लिहिले. आधी बसलेली चूक उतरायला तीन आठवडे गेले, ते टाळता आले असते. सप्टेंबरअखेर नाना एकटे बरोबर क्रमानं व्हॉल्व्ह फिरवत होते आणि दर वेळी म्हणत होते, ‘ही मांडणी कुणी केली? मी तर आज पहिल्यांदा बघतोय.’ मोलेसन यांनी १९६२ च्या सुमाराला आरशात बघून चांदणी काढायला शिकताना तीन दिवसांत अशीच प्रगती केली होती, आधी सराव केल्याचं काहीच न आठवता. हाताची शिकण्याची वाट हिप्पोकॅम्पसवरून जात नाही.

तिसरा निर्णय : फवारणी

सगळ्यात कठीण हाच होता. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या लागोपाठ असतात. औषध दुप्पट पडलं तर पानं करपतात, काढणीजवळ चुकलं तर अवशेष मर्यादेबाहेर जाऊन निर्यातीचा माल नाकारला जातो. शिवाय औषध विषारी, माणूस झटक्याच्या गोळ्यांवर.

मी सप्टेंबरच्या शेवटी बागेत गेले आणि फक्त पाण्याची तालीम करवली. पावडरीच्या जागी पीठ. सहाशे लिटरची टाकी, दोनशे लिटरला चारशे ग्रॅम. नानांनी बाराशे ग्रॅम काढलं, हिशेब पक्का. पहिली पुडी ओतली, दुसरी ओतली. तेवढ्यात शेजारच्या बागायतदारानं बांधावरून हाक मारली. चार वाक्यं बोलून नाना परतले आणि पुन्हा पहिल्यापासून ओतू लागले.

ते पाहिलं तेव्हा प्रकरण मला खऱ्या अर्थानं कळलं. व्यत्यय नसेल तर कार्यस्मृती संपूर्ण काम तोलून धरते, आणि म्हणून माणूस बरा दिसतो. एका हाकेनं लक्ष सरकलं की मागे काहीच उरत नाही. क्लिनिकमधल्या कुठल्याही चाचणीपेक्षा ती चार वाक्यं जास्त सांगून गेली.

दुसरी बाब त्याच दिवशी दिसली. फळीवर तीन डबे असले की कुठला डबा कुठे ठेवला ते पाच-दहा सेकंदांनी नाना अचूक सांगत. सहा डबे केले की तेवढ्याच वेळात घोळ. काही संशोधकांच्या मते वस्तू आणि जागा यांची सांगड घालायला अगदी थोड्या वेळासाठीही हिप्पोकॅम्पस लागतो. स्मृतीचे अभ्यासक लॅरी स्क्वायर यांच्या गटाचं म्हणणं असं की थोड्या वस्तूंपर्यंत रुग्ण नीट असतात, आणि संख्या कार्यस्मृतीच्या मापाबाहेर गेली की दीर्घकालीन स्मृतीची गरज पडते, तिथे ते कोसळतात. वाद मिटलेला नाही. नानांच्या फळीवर मात्र मला दुसरं म्हणणं पटलं, आणि त्यावरून कामाचा नियमही मिळाला : एका वेळी समोर तीनपेक्षा जास्त औषधं नकोत.

औषध कालवण्याचं काम नानांना देऊ, पण मुलगा कायम सोबत राहील, असं शेवटी ठरलं. ट्रॅक्टर तोच चालवेल. नोंदीसाठी नवीन काही न शिकवता त्यांची जुनी फवारणी वही वापरली. निर्यातीच्या बागेला फवारणीची नोंद ठेवावीच लागते. तारीख, औषध, प्रमाण, सही हा क्रम नानांच्या हातात कित्येक वर्षं मुरलेला होता. त्याच वहीत पुडीगणिक एक चौकट वाढवली. पुडी ओतली की सही, आणि रिकामी पुडी लाल बादलीत. वही नजरेआड झाली तरी बादली मोजता येते. कालवताना मोबाइल घरात. फवारलेल्या ओळीच्या टोकाला लाल फीत.

शांत विश्रांतीचा प्रयोगही केला. २००४ मध्ये कोवन, बेस्किन आणि डेला साला यांनी दाखवलं होतं की ऐकल्यानंतरचा तास अंधाऱ्या, शांत खोलीत गेला तर काही रुग्णांना बरंच जास्त आठवतं. पडवीत टीव्ही-मोबाइल बंद करून नानांना बसवलं. दोनदा तासानं गोष्टीतले काही तपशील निघाले, बाकी वेळा नाही. घरच्यांनी दुपारची झोप म्हणून तो तास चालू ठेवला आहे, मी उपचार म्हणून मोजत नाही.

काय झालं

त्या हंगामात दोनदा घोळ झाला. एकदा वारा सुटून लाल बादली उलटली आणि पुड्यांची मोजणी हुकली, तेव्हा मुलानं अख्खी टाकी ओतून दिली. दुसऱ्यांदा मुलगा दवाखान्यात, मदतीला चुलतभाऊ आलेला. त्यानं ‘राहू द्या नाना, मी लिहितो’ म्हणून वही हातातून घेतली आणि जीएची मात्रा दुप्पट गेली. दोन ओळींचे घड वाया गेले. व्यवस्था नानांच्या डोक्यात नव्हतीच, ती वहीत आणि मुलाच्या उपस्थितीत होती, हे आम्ही बाकीच्या नातेवाईकांना सांगितलंच नव्हतं. मार्चमध्ये निर्यातीचा माल गेला, अवशेषांच्या तपासणीत अडकला नाही.

वर्षानं पुन्हा चाचण्या केल्या. अंक तेवढेच, गोष्ट ऐकल्या ऐकल्या तेवढीच चांगली, अर्ध्या तासानंतर शून्य. स्मृती सुधारली नाही. मुलानं हे स्वीकारलं आहे, पत्नीनं त्याच्या आधीच. नाना सकाळी उठून बागेत जातात, कामाला लागतात, संध्याकाळी ‘आज काय केलं’ विचारलं तर वही उघडून वाचून दाखवतात.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच भेटीत, निरोप घेण्याआधी, मी अर्ध्या तासापूर्वीची एक तरी गोष्ट विचारेन. त्यासाठी वेगळी चाचणी लागत नाही, चहाबरोबर काय खाल्लं हे पुरतं. आणि निकाल येईपर्यंत रोख रकमेचे व्यवहार थांबवायला सांगेन.

बागेत मी सहाव्या आठवड्यात गेले. दुसऱ्याच आठवड्यात जायला हवं होतं. व्हॉल्व्ह शिकवण्याआधी अर्धा तास बसून मुलाला चूक न होऊ देण्याची पद्धत दाखवली असती, तर तीन आठवडे वाचले असते आणि नानांचे कान ‘नाही, नाही’ ऐकून दुखावले नसते. ते शब्द त्यांना आठवत नसतील, पण मुलगा व्हॉल्व्हकडे निघाला की त्यांचे खांदे आखडायचे, हे पुढेही कितीतरी दिवस दिसत होतं.

फवारणीचा निर्णय मी पुन्हा तोच घेईन का, याबद्दल अजून खात्री नाही. दोन ओळींऐवजी सहा एकर गेले असते तर मी हे प्रकरण वेगळ्या सुरात लिहिलं असतं. पण दुसऱ्या माणसाची सोबत सुटली की काम थांबवायचं, हा नियम आता वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवला आहे.

या ऑक्टोबरला नवी वही सुरू झाली. मुलानं पहिल्या पानावर रकाने आखून दिले होते. मी पाहिली तेव्हा खाली निळ्या शाईत, नानांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती : ‘पुडी फोडली की आधी सही, मग बोलणं.’ हे कुणी सांगितलं, मी विचारलं. नानांनी ओळीवरून बोट फिरवलं, अक्षर आपलंच आहे हे ओळखलं, आणि म्हणाले, ‘मीच लिहिलं असेल, मॅडम. बरोबर लिहिलंय.’